श्रवण गट

घमापुर, जबलपूर
१४ जुलै २०२४

चि. लतिका,

आशीर्वाद. तब्येत कशी आहे हे विचारत नाही, कारण तू खरं सांगत नाहीस. माझी आहे तशीच आहे. गुडघा, पोट आणि काळजी. चक्की विकून इतकी वर्षं झाली, तरी डाव्या कानात तिचा पट्टा फिरतोच आहे. उजव्या कानाशी तोंड आणून जोरात बोललं तर कळतं. विनयनं कानाचं मशीन आणून दिलं होतं, पण त्यात भांडी घासल्यासारखं ऐकू येतं, म्हणून ठेवून दिलं. फोनवर तर तू बोलतेस की कुकर वाजतो, ते समजत नाही. तेव्हा आपलं पत्रच बरं. मागच्या पत्राला उत्तर आलं नाही. पोस्टमनला विचारलं, तर तो काहीतरी बोलून सायकल घेऊन निघून गेला. पत्र तुला मिळालं की नाही, ते कळव.

एक चांगली बातमी आहे. आर्याच्या शाळेनं यंदा सहावीच्या मुलांचे तीन गट केले. हुशार आणि ढ असे नाहीत. तू घाबरू नको, मी आधी घाबरलो होतो. गटांची नावं दृष्टि, श्रवण आणि कृति. आपली आर्या श्रवण गटात आहे.

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. श्रावणबाळाला इकडे श्रवणकुमार म्हणतात, हे तुला माहीतच आहे. आईबापाची कावड खांद्यावर घेणारा. म्हणजे घरातल्या म्हाताऱ्यांची सेवा करणारी मुलं शाळेनं वेगळी काढली. आजकाल शाळा एवढं बघतात, हे मला माहीत नव्हतं. आणि खोटं नाही त्यात. विनय आणि दीप्ती, मुलगा-सून दोघंही आपापल्या ऑफिसातून दिवेलागणीलाच येतात. तोवर घरात आम्ही दोघं, आजोबा आणि नात. पोरगी शाळेतून आली की दूध पिते आणि माझ्या उजव्या बाजूला स्टूल ओढून बसते. दिवसभर काय शिकवलं, ते सगळं मला मोठ्यानं सांगते. एकदा सांगून मला समजलं नाही तर दुसऱ्यांदा, अजून हळू. मी सातवीत शाळा सोडून चक्कीवर बसलो. आता हिच्याबरोबर सहावी परत चालली आहे. पुढच्या वर्षी सातवी होईल. त्याच्या पुढच्या वर्षी आठवी. आठवीत काय असतं, ते मी अजून पाहिलेलं नाही.

खव्याची जिलबी आणून शेजारीपाजारी वाटली. दीप्तीनं हसून काहीतरी सांगितलं, ते ऐकू आलं नाही. दृष्टि गटात बहुतेक चष्मेवाली मुलं असावीत. कृति गटाचं मात्र कळलं नाही. तू इतकी वर्षं शाळेत शिकवलंस, तुला माहीत असेल.

दाराला आतून कडी लावून झोपत जा.

तुझा,
दादा

&nbsp;

नागपूर
२५ जुलै २०२४

ती. दादा,

नमस्कार. पत्र दोन्ही मिळाली. पहिल्याला उत्तर दिलं नाही, कारण त्यात फक्त तुझ्या पोटाबद्दल होतं.

दादा, आता हसू की रडू? अरे, श्रवण म्हणजे ऐकणं. श्रावणबाळाचा इथे काही संबंध नाही. काही मुलं बघून लवकर शिकतात, चित्रं, नकाशे, फळ्यावरचं. ती दृष्टि. काही कानानं शिकतात, ती श्रवण. काहींना हातानं काही केल्याशिवाय डोक्यात शिरत नाही, ती कृति. ज्याला जसं जमतं तसं त्याला शिकवायचं, एवढाच त्याचा अर्थ. तू अख्ख्या घमापुरात जिलबी वाटून आलास.

मला स्वतःला ही कल्पना आवडली. आमच्या वेळी दोनच गट होते, पुढचा बाक आणि मागचा बाक. मागच्या बाकावरचं मूल कसं शिकेल, हे कोणी विचारलं नाही, मीही नाही. मुलीचा कल पाहून शिकवत असतील तर चांगलंच आहे. फक्त एक विचार, कल ठरवला कशावरून?

तुला कुठल्या गटात घालायचं, याचा विचार केला. कान नाहीत, डोळ्यांना मोतीबिंदू आणि हातात काठी. तुझ्यासाठी कुरकुर गट काढावा लागेल.

औषधं वेळेवर घे. दाराची कडी मी लावते. तीस वर्षं लावते आहे.

लतिका

&nbsp;

घमापुर, जबलपूर
८ ऑगस्ट २०२४

चि. लतिका,

आशीर्वाद. तुझं पत्र आर्यानं वाचून दाखवलं, म्हणून माझी फजिती घरातल्या सगळ्यांनी ऐकली. बापूसाहेब समोरच्या गच्चीत तुळशीला पाणी घालतात. रोज सकाळी तिथून हात करून ओरडतात, "काय श्रावणबाळाचे आजोबा, जिलबी परत कधी?" एरवी त्यांचं बोलणं मला ऐकू येत नाही. हे मात्र येतं.

वाचताना आर्या मध्येच थांबली. म्हणाली, "आजोबा, लतिका आजी म्हणते मुलीचा कल पाहा. कल तो संडे है." मी तिला सांगितलं, मराठीत कल म्हणजे मनाचा ओढा. तर म्हणते, "ओढा म्हणजे नाला न?" आता हिला मराठी कोण शिकवणार? घरात मी एकटा बोलतो आणि मलाच ऐकू येत नाही.

कल कशावरून ठरवला, ते तिला विचारलं. म्हणाली, मॅडमनी सगळ्यांना एक धडा दिला आणि कोण कसं पाठ करतं ते बघत फिरल्या. कोणी चित्र काढलं, कोणी बोटांनी मोजत बसलं. आर्या मोठ्यानं बोलून पाठ करत होती. प्रत्येक वाक्य दोनदा. दुसऱ्यांदा हळू. मॅडम म्हणाल्या, ही श्रवण.

तेव्हा बरोबरच असेल. पण मला झोप नाही. त्यांच्या गटात पुस्तक बंद ठेवायचं. मॅडम बोलतात किंवा टेप लावतात, मुलं ऐकतात आणि एकेकानं उठून तेच परत बोलायचं. तिची मैत्रीण अवंतिका दृष्टि गटात गेली. त्यांच्या खोलीत भिंतभर रंगीत तक्ते आहेत म्हणे. आर्या मधल्या सुट्टीत जाऊन दारातून बघून येते. मी म्हटलं, काहून बघते दारातून? तर म्हणाली, "असंच."

चक्कीवर एकदा जाड दळलं की जाड. परत टाकून बारीक केलं तर पीठ जळतं. पोरांचं तसं होत नसेल ना? एकदा ही ऐकणारी म्हणून शिक्का बसला आणि उद्या तिला बघायचं असलं तर?

तिला जरा खोकला आहे. विशेष काही नाही. दीप्ती मुलेठी, म्हणजे आपलं ज्येष्ठमध, देते आहे. संध्याकाळचं आमचं चालू आहे. सध्या पृथ्वीच्या पोटात काय असतं, ते ऐकतो आहे. आपल्या वेळी पृथ्वी एवढी खोल नव्हती.

पत्र मिळाल्याचं कळव.

दादा

&nbsp;

नागपूर
३० ऑगस्ट २०२४

ती. दादा,

नमस्कार. मुलं म्हणजे दळण नाही. पण तुझी शंका अगदीच वेडी आहे असंही म्हणणार नाही. मी मैत्रिणींशी बोलले. एक म्हणाली, हे गटाबिटाचं खूळ आता जुनं झालं. सगळीच मुलं सगळ्या तऱ्हांनी शिकतात. बघतात, ऐकतात, हाताळतात, आणि धड्याप्रमाणे कमीजास्त. नकाशा कानानं कसा शिकणार? गाणं डोळ्यानं कसं? हे ऐकल्यावर मला माझं मागचं पत्र जरा उथळ वाटलं.

आता मुद्द्याचं. विज्ञानात तिला वीसपैकी सात आले आहेत, हे तू लिहिलं नाहीस. खोकला नाही, तिचा आवाज बसला आहे, तोही दोन महिन्यांपासून. आणि वर्गातली मुलं तिला भोंगा म्हणतात, हेही तू लिहिलं नाहीस. तुला माहीत नसेल असं मला वाटत नाही.

रागावू नकोस. दीप्तीचं आणि माझं फोनवर बोलणं होतं. तुझ्यापासून लपवायचं नव्हतं, पण तू शेजारी बसलेला असतोस आणि तुला ऐकू येत नाही, त्याला आम्ही काय करणार? दीप्ती आणि विनय दोघांनाही वाटतं की सहामाही झाल्यावर आर्यानं इकडे यावं. माझ्या घराजवळ चांगली शाळा आहे, तिथल्या मुख्याध्यापिका माझ्या ओळखीच्या आहेत. एक खोली तर रिकामीच आहे. मराठी सुधारेल. अभ्यास मी घेईन. सुट्टीत ती तुझ्याकडेच येईल.

तुझं मत हवं आहे.

लतिका

&nbsp;

घमापुर, जबलपूर
१० सप्टेंबर २०२४

लतिका,

मत सगळ्यांनी ठरवून झाल्यावर विचारतात, हे मला माहीत नव्हतं.

माझ्या डोक्यावरून फोन होतात. मी समोर बसून चहा पितो, दीप्ती फोनवर बोलते, माझ्याकडे बघून हसते आणि मीही हसतो. मला वाटतं, कोणी ख्यालीखुशाली विचारतं आहे. तिकडे माझी नात पाठवायचं ठरतं आहे.

सात गुण मला माहीत होते. आर्यानंच माझ्या कानात सांगितले होते आणि म्हणाली होती, पत्रात लिहू नका. म्हणून लिहिलं नाही. भोंगा म्हणतात हे माहीत नव्हतं. ते तिनं मला सांगितलं नाही.

तुझं घर रिकामं आहे म्हणून माझं रिकामं करू नको.

मी स्वतः शाळेत जाणार आहे. गट बदलायला लावतो. गट बदलला की गुण येतील, गुण आले की नागपूर नको.

सूर्यकांत

&nbsp;

नागपूर
१२ ऑक्टोबर २०२४

ती. दादा,

नमस्कार. महिना झाला, तुझं पत्र नाही. आधी रागात होते, मग लाजेत. आता फक्त वाट बघते आहे.

तू लिहिलंस ते वाचून पत्र टेबलाच्या खणात टाकलं आणि त्या दिवशी जेवले नाही. नंतर वाटलं, यात खोटं काय आहे? नोकरी संपल्यापासून माझ्याशी दिवसभर बोलणारं कोणी नाही. दूधवाला "ताई, एक की दोन?" विचारतो, तेवढंच. आर्या येणार म्हटल्यावर मी त्या खोलीत टेबल हलवून खिडकीपाशी ठेवलं. कोणी मला सांगितलं नव्हतं. तेव्हा तिच्या भल्यासाठी किती आणि माझ्या भल्यासाठी किती, ते मला नीट सांगता येणार नाही.

शाळेत गेलास का? काय झालं? दीप्तीला विचारलं नाही. तुझ्याकडूनच कळू दे.

आणि एक सुचवते. आपण सगळे पोरीबद्दल बोललो. मॅडम, दीप्ती, विनय, तू, मी. तिला कोणी विचारलं का?

लतिका

&nbsp;

घमापुर, जबलपूर
५ नोव्हेंबर २०२४

चि. लतिका,

आशीर्वाद. दिवाळी झाली. तू पाठवलेल्या चकल्या अर्ध्या मोडून आल्या, पण चव चांगली होती. सप्टेंबरात लिहिलं तसं लिहायला नको होतं. तू ते खणातून काढून फाडून टाक.

शाळेत गेलो होतो. दिवाळीच्या आधी. लगेच लिहायला बसलो होतो, पण जमलं नाही. आज लिहितो.

शाळा राइट टाउनला आहे, ऑटोनं गेलो. जाताना मनात सगळं हिंदीत जुळवलं होतं, काय बोलायचं, कुठे आवाज चढवायचा. गट ठरवणाऱ्या अंजनी मॅडम चांगल्या निघाल्या. विनयपेक्षा लहानच असतील. खुर्ची दिली, पाणी दिलं. मी म्हटलं, "मैडम, बच्ची का ग्रुप बदल दीजिए." त्या बोलू लागल्या. मला काही कळेना. मी कानाकडे बोट केलं. तेव्हा त्यांनी आर्याला बोलावून घेतलं.

आर्या येऊन माझ्या उजव्या बाजूला उभी राहिली, घरी असते तशीच. मॅडम एक वाक्य बोलायच्या आणि ती माझ्या कानाशी येऊन तेच मराठीत मोठ्यानं सांगायची. मी "काय?" म्हटलं की परत, हळू. मॅडम म्हणतात, मी ऐकून चांगली शिकते. काय? चां-ग-ली शिकते. आवाज बसलेला होता तरी सांगत होती.

थोडा वेळ असं चाललं आणि मॅडम बोलायच्या थांबल्या. नुसत्या आमच्या दोघांकडे बघत राहिल्या. मग आर्याला काहीतरी विचारलं. आर्यानं हो म्हणून मान हलवली. मी म्हटलं, काय म्हणाल्या? तर म्हणाली, "काही नाही." लतिके, आजपर्यंत त्या पोरीनं मला कधी "काही नाही" म्हटलं नव्हतं.

मग मॅडम उठल्या, टेबलाला वळसा घालून माझ्या बाजूला आल्या आणि वाकून माझ्या कानात स्वतःच बोलल्या. "दादाजी, मैं तो समझ रही थी, ये बोल-बोलकर याद करती है. ये तो आपको सुनाने की आदत है. अपने लिए नहीं बोलती ये."

मला राग यायला हवा होता की शाळेची चूक निघाली. पण आला नाही. मी विचारलं, तो अपने लिए कैसे पढ़ती है? मॅडम आर्याकडे बघू लागल्या. मीही बघू लागलो. ती फरशीकडे बघत होती. मॅडम म्हणाल्या, आप घर में पूछिए, यहाँ नहीं बोलेगी.

ऑटोत काही बोलता येत नाही. घरी आल्यावर तिनं दूध प्यायलं आणि सवयीनं स्टूल ओढलं. मी म्हटलं, आज धडा नको. तूच सांग, तुला कसं समजतं?

पहिल्यांदा म्हणाली, "असंच." मग म्हणाली, "चुपचाप वाचलं तर समजतं."

"मग रोज तर वाचून राहिली ना, माझ्यापाशी बसून."

"ते तर मी बोलून राहते, आजोबा. बोलते तेव्हा मला काही समजत नाही. फक्त तुम्हाला समजतं."

मी म्हटलं, "काहून नाही सांगितलं मग?"

"तुम्हाला मजा येते न."

हे सगळं ती तिच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात, एकेक शब्द तोडून सांगत होती, म्हणून एकही शब्द चुकला नाही. एखादा चुकला असता तर बरं झालं असतं. शाळेत दिवसभर बोला, घरी येऊन मला सांगा, जेवण झालं की झोप. तिला स्वतःसाठी वाचायला वेळ कुठे होता? मला ज्वालामुखी कसा होतो ते सगळं येतं. तिचे सात गुण आले, माझे वीसपैकी अठरा तरी आले असते.

मग मी विचारलं, नागपूरला जायचं आहे का? तुझं मागचं पत्र खिशातच होतं. थोडा विचार करून म्हणाली, "तिथे चुप असतं का?"

मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, तिथे लतिका आजी एकटी असते, चुपच असतं. त्यावर ती हो म्हणाली नाही आणि नकोही म्हणाली नाही.

तेव्हा आता तू आणि विनय मिळून काय ते ठरवा. मी आड येणार नाही. खरंच येणार नाही. मी फार थकलो आहे. पायाच्या बोटापासून थकलो आहे. खिडकीपाशी टेबल ठेवलं आहेस ते बरं केलंस, उजेड असेल. पण दुपारी ऊन येत असेल तर पडदा लाव.

दादा

&nbsp;

नागपूर
१६ नोव्हेंबर २०२४

ती. दादा,

नमस्कार. पत्र मिळालं.

माझ्याकडे चुप नसतं, दादा. तुला वाटतं बाई एकटी म्हणजे शांत. मी दिवसभर बोलते. कुकरशी बोलते, बातम्या देणाऱ्याशी वाद घालते, साखर कुठे ठेवली हे स्वतःलाच ओरडून विचारते. आर्या आली असती तर तिला शाळेतून आल्या आल्या विचारलं असतं, आज काय शिकवलं, मला सांग बघू. रोज. अभ्यास घेण्याच्या नावाखाली. तू निदान ऐकून गप्प बसायचास, मी तर मध्येच चुका काढल्या असत्या. मुलांना गप्प बसा असं आयुष्यभर सांगितलं, आणि कोणी गप्प बसून वाचत असलं की मला वाटायचं, याचं लक्ष नाही. टेबलावर डस्टर आपटायचे.

तिला गप्प बसू देणारं एक माणूस हवं. ते मी नाही, एवढं मला कळलं आहे. तुला तसं होता येतं का, ते बघ. नाही जमलं तर परत विचार करू. विनयशी मी बोलले आहे. तूर्तास नागपूर नको म्हटलं. त्यालाही हायसं वाटलं असावं. पोरगी जाणार म्हणून तोही झुरतच होता.

टेबल जागच्या जागी ठेवलं आहे. त्यावर मी आता भाजी निवडते. उजेड चांगला येतो.

लतिका

&nbsp;

घमापुर, जबलपूर
८ डिसेंबर २०२४

चि. लतिका,

आशीर्वाद. थंडी सुरू झाली. गुडघ्याचं सगळं लिहीत बसलो तर पत्र संपणार नाही, म्हणून तो विषय सोडतो.

शाळेत गट आहेत तसेच राहणार. वर्ष संपेपर्यंत बदलता येत नाहीत, असं मोठ्या मॅडमचं म्हणणं आहे. त्यांनी पालकांना गट दाखवून ठेवले आहेत, आता मागे कसं घ्यायचं? पण अंजनी मॅडमनी आर्याला श्रवण गटात पुस्तक उघडं ठेवायची परवानगी दिली. मागच्या बाकावर भिंतीशी बसायचं आणि उठून बोलायची पाळी आली नाही तर आठवण करून द्यायची नाही. दीप्ती म्हणते, त्या मॅडमना आता बाकीच्या मुलांचीही शंका येते आहे. कृति गटातल्या एका मुलाला नुसता बाक टोचत होता, म्हणून तो हात चाळवत होता म्हणे.

आर्याचा आवाज परत आला आहे, असं घरातले म्हणतात. मला खात्री नाही, कारण ती आता हळू बोलते.

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी तिला सांगितलं की आजपासून मला काही सांगायचं नाही. ती घाबरली. "तुम्ही नाराज झाले का?" मी म्हटलं, नाही गं, माझी सहावी झाली, आता तू तुझी कर. मग ती पलंगावर पाय घेऊन बसली, पुस्तक मांडीवर. मी माझ्या खुर्चीत.

लतिके, शेजारी बसून न विचारणं किती कठीण असतं, ते तुला सांगतो. ती काहीच बोलत नव्हती, तरी मी सवयीनं "काय?" म्हटलं. तिनं वर बघितलं, मान हलवली, परत खाली. थोड्या वेळानं मी परत म्हटलं. मग स्वतःवरच चिडून हात बांधून बसलो. तिचे ओठ बंद होते. पान उलटलं की कळायचं की पुढे गेली. काय वाचून राहिली, ते काही कळायचं नाही. मध्येच एकदा हसली, एकटीच. पुस्तकात हसण्यासारखं काय होतं, ते मला अजून माहीत नाही.

असे काही दिवस गेले. मला करमेना. म्हटलं, आपणही वाचावं. बापूसाहेबांच्या नातवाचं आठवीचं विज्ञानाचं पुस्तक जुनं पडलं होतं, ते मागून आणलं. सातवी राहू दे, म्हटलं, थेट आठवी. भिंग घेऊन बसलो. पहिलं पान वाचून होत नाही तोच आर्या उठून आली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाली, "आजोबा, मनात."

मी म्हटलं, मनातच तर वाचून राहिलो.

"नाही, आजोबा. तुम्ही खूप जोरात वाचून राहिले. पूरे घर में आ रहा है."

मला पत्ताच नव्हता. मग ओठ घट्ट मिटून परत सुरू केलं. दोन ओळी झाल्या की ओठ आपोआप सुटायचे. ओठ मिटले की अक्षरं नुसती दिसायची, आत काही जायचं नाही. मला मनात वाचता येत नाही. आपल्या शाळेत गुरुजी सगळ्यांकडून एका सुरात मोठ्यानं म्हणवून घ्यायचे. मनात वाचायचं वय आलं तेव्हा मी चक्कीवर होतो, आणि तिथे मन असलं काय, नसलं काय, पट्ट्याच्या आवाजात सारखंच. मॅडमच्या त्या गटात खरं तर मला घालायला हवं.

आर्यानं पुस्तक मिटलं होतं, बोट आत ठेवून. माझ्या आवाजात तिला वाचता येत नव्हतं.

मग मी शाल घेतली, पुस्तक आणि भिंग घेतलं आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. आता रोज तिथेच बसतो. दिवेलागणीपर्यंत वाचता येतं. येणारे-जाणारे बघतात. भाजीवाला थांबून ऐकतो आणि काहीतरी म्हणून हसतो. बापूसाहेब गच्चीवरून हात करतात, मी वर बघत नाही. अवघड आहे आठवी. समजत नाही तिथे दोनदा वाचतो, दुसऱ्यांदा हळू.

पहिल्या दिवशी बाहेर आलो तेव्हा दार उघडंच ठेवलं होतं. म्हटलं, आतून तिला काही लागलं तर. थोड्या वेळानं मागे वळून बघितलं तर दार लागलेलं होतं. हळूच लावलं असेल. मला काही ऐकू आलं नाही.

दादा